गंजाडचा गंज

आमच्या गावाचं नाव गंजाड. डहाणू तालुक्यात, आशागडच्या पुढे. हे नाव कशावरून पडलं यावर गावात कुणी फारशी डोकेफोड केलेली नाही, मीही साठ वर्षं केली नव्हती. पण २०२४च्या पावसाळ्यात माझ्या हातात एक रिव्हॉल्व्हर आलं आणि तेव्हापासून गंजाडमधला गंज मला अगदी लख्ख समजला आहे. 'लख्ख' हा शब्द या लेखात फार वेळा येणार नाही, तेव्हा इथेच नीट बघून घ्या.

आता मी आणि रिव्हॉल्व्हर, हे वाक्य मुळात व्याकरणातच बसत नाही. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी डहाणू रोड स्टेशनात गाडीची वाट बघण्यात गेली, आणि एवढ्या काळात मी चालवलेलं सगळ्यात घातक हत्यार म्हणजे स्टेपलर. त्यानेही जे काही रक्त सांडलं ते माझंच. रिव्हॉल्व्हर होतं आमच्या वडिलांचं, अण्णांचं. चिकूचे पैसे आणि मजुरांचा पगार रोखीत घेऊन अंधारातून वाडीवर यावं लागतं म्हणून त्यांनी १९९८ साली रीतसर परवाना काढून घेतलेलं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, .३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं. ते त्यांनी किती वेळा झाडलं म्हणाल, तर एकदाही नाही. पण धाक असा, की दिवाळीत कुठे सुतळी बॉम्ब फुटला तरी लोक म्हणत, 'अण्णांनी काढलं वाटतं.'

२०१६च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, ते शस्त्र वारसाच्या नावे करता येतं. अर्थात सरकारने वारसाला परवाना द्यायला हवा. अण्णांचं वय शहाऐंशी, पंचवीस वर्षंही भरलेली. 'माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या नावावर होऊ दे,' असं त्यांनी एके दिवशी जाहीर केलं. मला वाटलं वाडीबद्दल बोलताहेत. म्हणून मी लगेच हो म्हटलं.

मग कागद. अण्णांचा परवाना ठाणे जिल्ह्याचा, कारण पालघर जिल्हा जन्मला १ ऑगस्ट २०१४ला. दोन्ही बहिणींची ना-हरकत लागली. ती त्यांनी इतक्या आनंदाने दिली की मला वाडीबद्दल पुन्हा काळजी वाटायला लागली. पोलीस पडताळणी झाली. शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण झालं. प्रशिक्षक एकेक गोष्ट सांगून विचारत, 'समजलं?' आणि मी मान डोलवी. चौतीस वर्षं वरिष्ठ कार्यालयाच्या प्रत्येक परिपत्रकाला मी अशीच मान डोलावत आलो, आणि बँक बुडाली नव्हती.

शेवटी एका ओल्याचिंब दुपारी अण्णांनी लोखंडी कपाटातून चामड्याचं म्यान काढून माझ्या हाती दिलं. मी बटण उघडलं, ओढलं. येईना. पुन्हा ओढलं. तेव्हा ते जुन्या दारासारखं कुरकुरत बाहेर आलं, आणि आतून निघाला तो चिकू. शपथेवर सांगतो, तसाच रंग. नुकताच झाडावरून उतरवलेला चिकू बघितलाय ना? अंगावर तपकिरी भुरका असतो, हाताला खरखरीत लागतो, चोळला की बोटांना लागतो. आमच्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. आमच्या रिव्हॉल्व्हरलाही हरकत नव्हती.

कारण नंतर कळलं. चामडं ओल धरून ठेवतं, वर ते कमावताना वापरलेली रसायनं त्यात उरलेली असतात, त्यामुळे शस्त्र म्यानात घालून वर्षानुवर्षं ठेवलं की म्यान टिकतं आणि शस्त्र जातं. चामडी पट्ट्यात खोचलेल्या काडतुसांवरही हिरवा थर चढला होता. त्यांच्या बुडावर इंग्रजी 'केएफ' ही अक्षरं, म्हणजे आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना. इंग्रज खडकीला किर्की म्हणत, आणि कारखाना १८६९पासूनचा. आमच्या हिने ती लांबूनच पाहिली आणि निदान केलं, 'कळकलीत.' पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की जे होतं तेच. काडतुसं मात्र मी पुसली नाहीत. तेवढी अक्कल तेव्हा शिल्लक होती.

पुढच्या दिवशी रिव्हॉल्व्हर साफ करायला बसलो. पहिला नियम, शस्त्र रिकामं आहे याची खात्री करायची. याचा घाट जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या वळणाचा: वरची खिट्टी अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते, रिव्हॉल्व्हर मधोमध उघडतं आणि मागची चांदणी आपोआप वर येऊन काडतुसं बाहेर ढकलते. मी सहा घरं मोजली. सहाही रिकामी. मग वाटलं, सातवं असलं तर? पुन्हा मोजली. बँकेत रोकड जुळत नसताना मोजतात तशी, थुंकी लावायची तेवढी बाकी ठेवून, मी ती घरं अकरा वेळा मोजली. 'काय मोजताय एवढं?' ही आतून ओरडली. मी म्हटलं, 'सिलिंडर बघतोय.' 'मग नंबर लावून टाका,' ती म्हणाली, 'दुसरा परवाच लावलाय.'

दुसरा नियम, रिकामं असलं तरी नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. हा नियम करणाऱ्याचं घर एकटं माळावर असणार. आमच्याकडे पूर्वेला देवघर. पश्चिमेला स्वयंपाकघर, तिथे ही. उत्तरेला अण्णांची आरामखुर्ची, त्यात अण्णा. दक्षिणेला चुलतभावाचं घर. त्याच्याशी बांधावरून बारा वर्षं बोलणं नाही, तिकडे तोंड करून मी बसलेला कुणाला दिसलो असतो तर वकिलाचं आयतं काम झालं असतं. वर माळा, माळ्यावर मांजरीची चार पिल्लं. शेवटी पडवीत रेतीने भरलेली बादली आणून ठेवली आणि सबंध दुपार मी त्या बादलीवर नेम धरून रिव्हॉल्व्हर पुसत बसलो. रस्त्याने जाणाऱ्यांपैकी दोघातिघांनी बादलीकडे सहानुभूतीने पाहिलं.

सामान मी घरातलंच जमवलं होतं. गंज काढायला जुना गंजीफ्रॉक फाडला (गंजाडात गंज काढायला गंजी, हा विनोद मी त्या दिवशी घरात चार वेळा केला आणि चारही वेळा एकटाच हसलो). कानाकोपऱ्यातून फिरवायला टूथब्रश घेतला. तो जुना नव्हता हे रात्री कळलं, आणि माझाही नव्हता हे त्यानंतर लगेच. आणि तेल? तेल म्हटल्यावर आमच्या पट्टीत माणसाला एकच आठवतं. डोक्याला खोबरेल, अंगाला खोबरेल, बिजागरीला खोबरेल. मी ते रिव्हॉल्व्हरला असं चोपडलं की ते शाळेत निघालेल्या पोरासारखं दिसायला लागलं. कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि समाधानाने झोपलो.

सकाळी भिंतीवरून मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग कपाटात चालली होती. उघडून पाहिलं तर त्या नळीतून आत जात होत्या आणि सहा घरांतून बाहेर पडत होत्या. पंचवीस वर्षांत त्या नळीतून पहिल्यांदाच काहीतरी सुटत होतं.

मुंग्या काढायच्या म्हणजे नळी आतून पुसायला हवी. त्यासाठी गज मिळतो, हे प्रशिक्षणात दाखवलं होतं आणि मी मान डोलावली होती. गज नव्हता. पण आमच्या गावाला बांबूच्या काडीची परंपरा आहे. वारली चित्रं काढतात ती बांबूची काडी टोकाला चावून मऊ करून आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बुडवून. त्याच काडीवर आमच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्रं जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा गावात राहून मला नळीत एक काडी घालता येऊ नये? मी एक काडी तासली, टोकाला गंजीफ्रॉकची चिंधी गुंडाळली आणि आत सारली. चिंधी टपालाच्या तिकिटाएवढी असावी लागते. मी रुमालाएवढी घेतली होती. ती अर्ध्या नळीपर्यंत गेली आणि तिथे तिने मुक्काम ठोकला. मी जोर लावला. काडी म्हणाली 'कट्'.

आता नळीच्या एका तोंडातून बांबूचा तुकडा किंचित डोकावतोय आणि दुसऱ्या तोंडातून माझ्या बनियनचा फाटका काठ. चिमट्याने ओढलं, पकडीने ओढलं, दोरा बांधून ओढलं. अण्णा आरामखुर्चीतून हे सगळं डोळे मिटून ऐकत होते. 'पंचवीस वर्षं मी त्याला हात लावला नाही,' ते म्हणाले, 'म्हणून टिकलं.'

वाडीवर राखणीला एक वारली बाबा असतात. मला शेठ म्हणणारे जगात ते एकटेच, आणि तेही म्हणताना किंचित हसतात. त्यांना दाखवलं. त्यांनी हात मागे बांधले, कारण परवाना माझा, हात लावायचा तो मीच, हे त्यांना मी न सांगता कळत होतं. वाकून पाहिलं आणि म्हणाले, 'काडी ओली आहे शेठ. तेल पिऊन फुगली. उन्हात ठेवा, सुकली की सुटेल.' नशिबाने त्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली होती. पण शस्त्र अंगणात टाकून आत जाऊन झोपता येत नाही, म्हणून मी पत्र्यावर रिव्हॉल्व्हर, शेजारी स्टूल, स्टुलावर मी आणि माझ्यावर छत्री, असा सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत बसून राहिलो. येणारेजाणारे विचारत, 'काय, पापड घातलेत?' मी हो म्हणत होतो. दोन वाजता काडी आपसूक सुटली. माझी पाठ आठ दिवसांनी सुटली.

जाताना बाबांचा कोयता दिसला. कमरेच्या लाकडी आकड्यात अडकवलेला, पात्याला गंजाचा ठिपका नाही. मी विचारलं, 'तुम्ही काय लावता?' त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, 'काही नाय. कापतो.'

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण नळी आतून साफ झाल्यावर बाहेरचा चिकू डोळ्यांत सलायला लागला. देवघरातली समई चिंचेने कशी उजळते ते लहानपणापासून बघतोय, म्हणून ही दुपारी पडली असताना मी स्वयंपाकघरातून चिंचेचा गोळा पळवला, मीठ घेतलं आणि घासायला सुरुवात केली. गंज भराभर निघाला. मला फार आनंद झाला. मग गंजाखालचा काळाही निघाला. त्या काळ्याला ब्लूइंग म्हणतात, हे मला निघाल्यावर कळलं. तो काही वरून दिलेला रंग नसतो, गंजू नये म्हणून पोलादावरच चढवलेला पातळ थर असतो आणि आंबट लागलं की तो जातो. म्हणजे मी गंज काढता काढता गंजाविरुद्धचा अंगरखाच उतरवला होता. पावसाळ्यात. गंजाडात. दोन दिवसांत त्या गोऱ्या जागांवर नवा, ताजा, केशरी गंज फुलला, आणि रिव्हॉल्व्हर चितळासारखं दिसायला लागलं.

मग ओल टाळायचा उपाय. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात असं मुलगा बोरिवलीहून नेहमी सांगतो, तेव्हा रिव्हॉल्व्हरच्या पोटात दमट हवा असेल तर तीही तांदूळ ओढून घेतीलच. मी रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरलं. पण शस्त्र कुलपात हवं. म्हणून अख्खा डबाच लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि डहाणूला लाइटबिल भरायला गेलो. परत यायला सात वाजले. त्या रात्री आमच्याकडे भाकरी होती. ती कुणाशी काहीही न बोलता वाढली गेली. आठवड्याने डबा उघडला तेव्हा तांदळात टोके झाले होते, आणि ते टोके चांगले धष्टपुष्ट होते, एवढंच सांगतो.

अशात दसरा आला. १२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. आमच्याकडे शस्त्रपूजेला आजवर कोयता, विळी, अण्णांचं फाउंटन पेन आणि माझं कॅलक्युलेटर असे. त्या वर्षी मालकी बदलली म्हणून रिव्हॉल्व्हर पहिल्यांदाच पाटावर आलं. मी ते रिकामं आहे हे चौदा वेळा मोजून पाहिलं, उघडंच ठेवलं आणि तोंड बादलीकडे केलं; बादलीलाही हळदकुंकू लागलं. हिने सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं. अण्णांनी थरथरत्या हाताने अक्षता टाकल्या. नातवाने, वय पाच, सहा घरं रिकामी आहेत हे बघून प्रत्येकात झेंडूची एकेक पाकळी खोचली. मी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. वर खोबरेलाचा हात होताच. चार थरांचं ते काय झालं असेल याची कल्पना लोणचं घालणाऱ्या कुठल्याही बाईला येईल. मी ते, सण आहे, उद्या पुसू म्हणून, मिटवून कपाटात ठेवलं.

उद्याचा परवा झाला. आणि १५ तारखेला विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली, आचारसंहिता लागली, आणि शस्त्र जमा करा असा पोलीस ठाण्यातून निरोप आला.

ठाण्याचं नाव सांगत नाही. चूक सगळी माझी आहे. टेबलामागे एक वयस्कर हवालदार होते, मिशीला पांढरी किनार. त्यांनी परवाना पाहिला, नंबर ताडून बघायला रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, आणि अनुभवी माणूस करतो तशी खिट्टी दाबली. उघडेना. पुन्हा दाबली. मी म्हटलं, 'थोडं ओढावं लागतं.' त्यांनी ओढलं. नळी झुकली, चांदणी वर आली आणि टेबलावर, निवडणुकीच्या परिपत्रकावर, पाच अक्षता, झेंडूच्या सुकलेल्या सहा पाकळ्या, हळदीची एक वडी आणि एक मुंगी पडली. मुंगी जिवंत होती.

हवालदार बराच वेळ काही बोलले नाहीत. शेजारच्या टेबलावरची महिला शिपाई खिडकीबाहेर बघायला लागली, पण तिचे खांदे हलत होते. मग हवालदारांनी पावतीपुस्तक ओढलं आणि विचारलं, 'स्थिती काय लिहू?'

'चालू,' मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं, मुंगीकडे पाहिलं. पावती माझ्याजवळ अजून आहे. स्थितीच्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिलंय: 'पूजा केलेले.'

२० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ला निकाल लागले. नंतर आठवड्याभराने मी शस्त्र परत घ्यायला गेलो. वाटेत मनाशी वाक्य जुळवत होतो, महिनाभर तसंच पडून राहिलं, आता गंजून जाम झालं असणार, भंगारात घालायचं तरी परवानगी लागेल का वगैरे. हवालदारांनी ते सुती फडक्यातून काढून टेबलावर ठेवलं. खिट्टीला अंगठा लावला मात्र, नुसता लावला, आणि नळी आवाज न करता झुकली. आत सहा घरं स्वच्छ. नळीला डोळा लावला तर पेचदार खाचा आरपार दिसत होत्या. चिंचेने गेलेला काळा काही परत आला नव्हता, पण त्यावर गंजाचा कण नव्हता. लख्ख. (दुसऱ्यांदा आला, माफ करा.)

'पूर्वी शस्त्रागारात होतो,' ते ओशाळल्यासारखे म्हणाले. 'असं काही पाहिलं की हाताला राहवत नाही. शिलाई मशीनचं तेल, साहेब. दोन थेंब, आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात आठवड्याला. चामड्यात ठेवायचं नाही. बाकी काही करायचं नाही.' मग थोडं थांबून, 'खरंच काही करू नका.'

मी मान डोलावली.

शिलाई मशीनच्या तेलाची बाटली मी त्याच दिवशी घेतली. ती घरी आल्यावर हिने मशीनला घातली, कारण मशीन कुरकुरत होतं. उरलेलं अण्णांनी आरामखुर्चीला घातलं. नवी आणायची आहे. तोवर मी रिव्हॉल्व्हरला हात लावलेला नाही, पण परवा कपाट उघडलं तेव्हा मुठीजवळ एक ठिपका दिसला, तपकिरी, खरखरीत, चिकूसारखा. तेव्हा एक विनंती आहे. आमच्याकडे पुढची आचारसंहिता कधी लागतेय, जिल्हा परिषदेची असो, ग्रामपंचायतीची असो, कुठलीही चालेल, नक्की तारीख कुणाला आधी कळली तर मला तेवढी कळवा.